‘म्हणून’ या शब्दापाशी

वाचकाचे पत्र: मी ४६ वर्षांचा आहे. माझा जन्म नेवासे तालुक्यातील एका खेड्यात झाला. वडील मिशनच्या शाळेत शिपाई होते आणि दर रविवारी देवळाची घंटा तेच वाजवीत. आयटीआयमधून टर्नरचा, म्हणजे लेथवर धातू कातण्याचा, कोर्स करून मी पुण्याला आलो, अकरा वर्षे दुसऱ्यांच्या शॉपमध्ये काम केले आणि नंतर भोसरीत भाड्याच्या गाळ्यात एक जुने लेथ टाकून स्वतःचा व्यवसाय सुरू केला. आज माझी दोन शॉप आहेत आणि चाळीस कामगार आहेत. गावच्या ख्रिस्ती मंडळीने नवे सभागृह बांधले असून निम्म्याहून अधिक खर्च मी केला आहे. नाताळात त्याचे उद्घाटन आहे. दारावर माझ्या नावाची संगमरवरी पाटी बसवावी आणि मी त्या दिवशी साक्ष द्यावी, म्हणजे देवाने माझ्यासाठी काय केले ते सर्वांसमोर सांगावे, अशी पंचांची इच्छा आहे. गेल्या महिन्यात एका घरगुती उपासनेत मी साक्ष दिली, की मी प्रामाणिक राहिलो, दशमांश, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग देवाला देणे, कधी चुकवला नाही, म्हणून देवाने मला भरभरून दिले. ते ऐकून माझा जुना मित्र मध्येच उठून गेला. आम्ही एकाच शॉपमध्ये शेजारशेजारच्या मशीनवर काम केले होते. त्याचा लहानसा व्यवसाय २०२० च्या टाळेबंदीत बंद पडला. त्या रात्री पत्नी मला म्हणाली, “तुम्ही हल्ली प्रार्थना करत नाही, देवाला अहवाल देता.” मी गर्विष्ठ झालो आहे का? यश मिळूनही नम्र राहायचे, म्हणजे नेमके काय करायचे?

प्रिय बंधू,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. दुसऱ्या वाचनात माझे लक्ष पाटीपेक्षा आणि साक्षीपेक्षाही एका वेगळ्या गोष्टीकडे गेले, ती म्हणजे पत्नीचे वाक्य तुम्ही जसेच्या तसे लिहून पाठवले आहे. ते तुम्हाला गाळता आले असते, किंवा थोडे सौम्य करून लिहिता आले असते. स्वतःला लागलेला शब्द ज्याला न बदलता दुसऱ्यापुढे ठेवता येतो, त्याच्याशी स्पष्ट बोलता येते, आणि म्हणून मीही स्पष्टच लिहिते. होय, तुमच्या मनात गर्व शिरला आहे. मात्र तुम्ही तो जिथे शोधत आहात तिथे तो नाही.

तुमच्या दोन शॉपमध्ये तो नाही. चाळीस घरांच्या चुली ज्याच्यामुळे पेटतात त्याने आपल्या यशाबद्दल अपराधी वाटून घ्यावे, असे पवित्र शास्त्र कुठेही सांगत नाही. प्रेषित पौल आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहितो, तेव्हा धनवानांनी अभिमानी होऊ नये आणि चंचल धनावर आशा ठेवू नये अशी ताकीद तो द्यायला सांगतो. पण त्याच वाक्यात तो असेही म्हणतो, की देव आपल्या उपभोगासाठी सर्व काही विपुल देतो. नम्रता म्हणजे स्वतःविषयी खोटे बोलणे नव्हे. तुम्ही उत्तम टर्नर आहात आणि तुमच्या हाताला माप कळते, हे खरे असेल तर ‘मला कुठे काही येते’ असे चारचौघांत म्हणणे हा नम्रपणा नाही. समोरच्याने ते खोडून काढावे आणि आपली स्तुती करावी यासाठी पसरलेला तो हात असतो. आपल्या मंडळ्यांमध्ये या प्रकारचे बोलणे फार झाले आहे आणि त्याला आपण भक्ती समजतो, याचे मला वाईट वाटते.

गर्व शिरला आहे तो तुमच्या साक्षीतल्या एका लहानशा शब्दात. मी प्रामाणिक राहिलो, दशमांश दिला, ‘म्हणून’ देवाने मला दिले. हा ‘म्हणून’ जरा हातात घेऊन पाहा. तो खरा मानला तर तुमच्या मित्राच्या आयुष्याचा अर्थ काय होतो? तुम्ही देवाची स्तुती करत होता, परंतु त्या खोलीत बसलेल्या त्या एका माणसाला ऐकू आले ते असे, की तो प्रामाणिक नव्हता, त्याच्या अर्पणात काही कमी होते, आणि म्हणून त्याचे शटर खाली आले. टाळेबंदीने कोणाचे दशमांश तपासून व्यवसाय बंद पाडले नाहीत. ज्याची येणी अडकली, ज्याच्याजवळ तीन महिन्यांचे भाडे आणि पगार भागवण्याइतके भांडवल शिल्लक नव्हते, तो बुडाला. त्यांत देवभीरू माणसेही होती. बायबलमधल्या ईयोब या नीतिमान पण संकटांनी घेरलेल्या माणसाच्या मित्रांनी हाच ‘म्हणून’ उलट दिशेने चालवला होता. तुझ्यावर संकट आले, म्हणून तू पाप केले असशील, असे ते सांगत राहिले. आणि शेवटी देवाचा कोप त्यांच्यावर भडकला, ईयोबावर नव्हे.

तुमच्या पत्नीने तर नकळत लूकच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायावर बोट ठेवले आहे. मंदिरात प्रार्थनेला गेलेल्या परूश्याची, म्हणजे नियमशास्त्र काटेकोरपणे पाळणाऱ्या यहूदी पंथातल्या माणसाची, गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो आणि तो ढोंगी होता असे धरून चालतो. पण प्रभू येशूने त्याच्यावर खोटे बोलल्याचा आरोप केलेला नाही. तो आठवड्यातून दोनदा उपास करत होता, सर्व मिळकतीचा दशमांश देत होता, आणि त्याची प्रार्थना तर देवाचे आभार मानण्यानेच सुरू होते. आभाराच्या शब्दांतूनही माणसाला स्वतःचाच गौरव करता येतो, ही त्या दाखल्यातली धास्ती वाटावी अशी बाजू आहे. त्याला मागे उभा असलेला, लोकांच्या नजरेत पापी ठरलेला जकातदार दिसत होता, आणि त्याच्याशी तुलना केल्यावाचून त्याची उपकारस्तुती पूर्ण होत नव्हती. त्याच्याजवळ कृपेला जागाच उरली नव्हती, कारण सगळ्या जमेच्या रकमांसमोर त्याने आपलेच कारण लिहून ठेवले होते. देवाला अहवाल देणे म्हणतात ते हेच.

आता तुमच्यासाठी विशेष म्हणून एक गोष्ट सांगते. व्याख्यानांतून ती फारशी ऐकू येत नाही, पण उद्योग उभा करणाऱ्या माणसाने ती वर्षातून एकदा तरी वाचावी असे मला वाटते. ती बायबलमधल्या ‘दुसरा इतिहास’ या पुस्तकाच्या सव्विसाव्या अध्यायात आहे. उज्जीया सोळाव्या वर्षी यहूदाचा राजा झाला आणि त्याने यरुशलेमेत बावन्न वर्षे राज्य केले. तो काही नुसता लढवय्या नव्हता. त्याने बुरूज बांधले, रानात पुष्कळ विहिरी खोदल्या, गुरेढोरे पाळली, शेतकरी आणि द्राक्षमळ्यांचे माळी कामाला लावले, कारण त्याला शेतीची आवड होती असे शास्त्र आवर्जून नोंदवते. बाण आणि मोठे धोंडे फेकण्यासाठी कुशल कारागिरांच्या कल्पनेतून त्याने यंत्रे करवून बुरुजांवर बसवली. बायबलमधल्या राजांत तुमच्या शॉपमध्ये उभे राहून यंत्राकडे कुतूहलाने पाहील असा कोणी असेल तर तो हाच. त्याची कीर्ती दूरवर पसरली, आणि इतिहासकार तिचे कारणही सांगतो: त्याला आश्चर्यकारक साहाय्य मिळत गेले, ते तो बलाढ्य होईपर्यंत. लगेच पुढचे वाक्य येते, की तो बलाढ्य झाला तेव्हा त्याचे हृदय उन्मत्त होऊन त्याचा नाश झाला.

नाश कसा झाला, हे नीट पाहण्यासारखे आहे. तो मूर्तिपूजेकडे वळला नाही, त्याने कोणाला लुबाडले नाही. तो मंदिरात गेला आणि वेदीवर स्वतःच्या हाताने धूप जाळू लागला. काम भक्तीचेच होते, पण ते त्याचे नव्हते. ते याजकांना नेमून दिलेले होते. इतकी वर्षे ज्याने ज्या गोष्टीला हात घातला ती फळाला आली, त्याला आपल्या हाताला मर्यादा असू शकते हेच सुचेनासे झाले असावे. मुख्य याजक आणि त्याच्याबरोबर ऐंशी याजक त्याच्या मागोमाग आत गेले आणि त्यांनी त्याला बाहेर जायला सांगितले. या क्षणी तो मागे फिरला असता तर कदाचित ही गोष्ट लिहिलीच गेली नसती. तो संतापला. हातात धुपाटणे होते आणि तोंडात याजकांवरचा राग होता, आणि त्याच क्षणी त्याच्या कपाळावर कोड उठले. मरेपर्यंत तो वेगळ्या घरात राहिला आणि राज्याचा कारभार त्याच्या मुलाने चालवला.

मला या गोष्टीत सर्वांत जास्त त्याचा संताप दिसतो. यशस्वी माणूस नम्र आहे की नाही, हे त्याची स्तुती होत असताना कळत नाही, कारण तेव्हा मान खाली घालणे सगळ्यांनाच जमते. त्याला कोणी ‘हे तुमचे काम नाही’ किंवा ‘इथे तुमचे चुकले’ असे म्हटले, की त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर काय उमटते त्यावरून ते कळते. मी हे दुसऱ्याविषयी बोलत नाही. पुष्कळ वर्षे मी मंडळीत शास्त्राभ्यास घेत आले आहे. एका वर्षी एका कॉलेजातल्या मुलाने, अत्यंत आदराने, मी सांगितलेला एक संदर्भ चुकीचा असल्याचे सगळ्यांसमोर दाखवून दिले. तो बरोबर होता. मी त्याचे आभार मानले आणि पुढचे दोन महिने त्याला एकदाही वाचन दिले नाही. त्या दोन महिन्यांत मी दर आठवड्याला नम्रतेवर प्रार्थनाही करत होते. धुपाटणे हातात असताना राग किती सहज पवित्र वाटतो, ते मला तेव्हा समजले. पुढे मी त्या मुलाची क्षमा मागितली, आणि ती मागायला उशीर केला याची बोच आजही आहे.

म्हणून तुम्ही पहिल्यांदा स्वतःला विचारावे ते असे: तुम्हाला ‘नाही’ म्हणू शकेल असे आज तुमच्या आयुष्यात कोण उरले आहे? शॉपमध्ये एखादा जॉब रिजेक्ट झाला आणि चूक तुम्ही दिलेल्या सूचनेत होती, तर ते सांगण्याची हिंमत तुमच्या सुपरवायझरला होते का? पंचांच्या बैठकीत तुमच्या सूचनेला कोणी विरोध केल्याचे तुम्हाला शेवटचे केव्हा आठवते? पत्नी अजून बोलते आहे, ही तुमच्या घरावरची मोठी कृपा आहे. तिला आजच सांगा, की ते वाक्य तुम्ही या सदराकडे पाठवले आणि ते खरे होते. पुढेही असेच बोलत जा, अशी तिला विनंती करा.

आता पाटीविषयी. फिलिप्पै हे नगर रोमन वसाहत होते. तिथे रोमचे निवृत्त सैनिक वसवलेले होते, आणि आपण कोणकोणती पदे भूषवली, नगराला कोणते दान दिले, हे दगडात कोरून ठेवण्याची तिथल्या प्रतिष्ठितांना मोठी हौस होती. असे कोरीव लेख तिथल्या उत्खननात सापडले आहेत. त्या काळच्या ग्रीक बोलीत ‘लीन’ या अर्थाचा शब्द बहुधा हिणकस, दास्यातल्या माणसासाठी वापरला जाई. अशा नगरातल्या मंडळीला पौल लिहितो, की ख्रिस्त देवाच्या स्वरूपाचा असूनही त्याने स्वतःला रिक्त केले, दासाचे स्वरूप धारण केले, आणि मरण, तेही वधस्तंभावरचे मरण सोसण्याइतका तो खाली उतरला. फिलिप्पैकरांना आपल्या दगडांवर एकेक पायरी वर चढत गेलेली नावे वाचायची सवय होती. पौलाने त्यांच्यासमोर एकेक पायरी खाली उतरत गेलेला प्रभू ठेवला. त्या पत्राचा वारसा सांगणाऱ्या मंडळीच्या दारावर तुमची पाटी नसावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

यात पंचांचाही दोष आहे, आणि तो मी सांगितलाच पाहिजे. सोन्याची अंगठी घातलेला माणूस सभेत आला की त्याला चांगल्या जागी बसवायचे आणि गरिबाला उभे ठेवायचे, याबद्दल याकोबाने आपल्या पत्रात पहिल्या शतकातच मंडळीला खडसावले होते. देणगीदाराचे नाव संगमरवरात कोरले की पुढचा देणगीदार मिळतो, हा हिशेब मंडळ्या करतात, कारण छपराला पैसे लागतात. ती अडचण मला समजते. परंतु ज्या म्हातारीने घरातली अंडी विकून त्या सभागृहाला शंभर रुपये दिले असतील तिचे नाव त्या पाटीवर येणार नाही, आणि दानपेटीत दोन टोल्या, म्हणजे दोन क्षुल्लक नाणी, टाकणाऱ्या गरीब विधवेविषयी प्रभूने काय म्हटले ते आपण दरवर्षी वाचतो. काही जण यावर उपाय म्हणून स्वतःच्या नावाऐवजी वडिलांचे नाव कोरतात. वडिलांचा मान राखणे योग्यच आहे आणि तुमच्या वडिलांनी इतकी वर्षे त्या देवळाची घंटा वाजवली हे मंडळीने विसरू नये. तरीही ती वाट धरण्यापूर्वी एकदा विचार करा, की पाटीवर आडनाव शेवटी तुमचेच राहणार आहे. ‘मंडळीच्या अर्पणांतून बांधले’ एवढे शब्द आणि सन, इतके पुरेसे आहे. पंचांना हे लेखी कळवा, आणि कळवल्याचे बाहेर कोणाला सांगू नका. नाहीतर पाटी नाकारल्याची कीर्ती पाटीपेक्षा मोठी होते.

आपल्याच भागातले एक आयुष्य या संदर्भात मला वारंवार आठवते. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी एका वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेऊन तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पंडिता रमाबाईंचे संस्कृत हे त्यांचे खरे वैभव होते. दुष्काळात आईवडील गमावलेल्या आणि देशभर पायी भटकलेल्या त्या मुलीजवळ दुसरे होतेच काय? पुढे त्या ख्रिस्ती झाल्या, इंग्लंड-अमेरिकेत त्यांचे नाव झाले, १९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. इतके नाव होऊनही परदेशातून परतल्यावर पुढे त्या केडगावच्या, स्वतः उभारलेल्या मुक्ति मिशनमध्ये दुष्काळातून आणलेल्या, टाकलेल्या, निराधार मुलींमध्ये राहत होत्या, आणि आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर केले. विद्वानांना दिपवील असे संस्कृतप्रचुर मराठी त्यांना सहज लिहिता आले असते. त्यांनी मुद्दाम साधी भाषा घेतली, कमी शिकलेल्या बाईलाही कळेल अशी; आणि त्याचे छपाईचे खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचे काम मुक्तीतल्या बायकांनीच केले. विद्या त्यांनी टाकून दिली नाही, उलट ती आणखी वाढवली, पण तिचे तोंड खालच्या बाजूला वळवले. तुमच्या कौशल्याचे आणि तुमच्या पैशाचेही असेच व्हावे असे मला वाटते. गावातल्या आयटीआय झालेल्या मुलांना तुमच्या मशीनवर सहा महिने हात बसवू द्या, त्यांना शिकताना मटेरियल वाया घालवू द्या, आणि त्यांतला एखादा तुमच्यापेक्षा चांगला निघून स्वतःचा गाळा टाकू लागला तर त्याला पहिली ऑर्डर मिळवून द्या. सभागृहाला पैसे देण्यापेक्षा हे अवघड आहे.

राहिला तो ‘म्हणून’. तो शास्त्रात आणखी एका ठिकाणी आहे, आणि तिथे तो तुमच्या साक्षीतल्या शब्दाच्या अगदी उलट वागतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात लिहिले आहे, की पित्याने सर्व काही आपल्या हाती दिले आहे आणि आपण देवापासून आलो व देवाकडे जात आहोत, हे येशूला ठाऊक होते. इतके सगळे हाती असलेल्या माणसाने पुढे काय करावे अशी आपली अपेक्षा असेल? तो भोजनावरून उठला, त्याने बाह्य वस्त्रे उतरवली आणि कमरेला रुमाल बांधला. सर्व काही हाती आले होते, म्हणून ते हात शिष्यांच्या पायांकडे गेले. योहान ही दोन्ही वाक्ये ज्या ओघात लिहितो त्यावरून मला तरी असेच दिसते, की पाय धुणे हे सामर्थ्याला मुरड घालून केलेले काम नव्हते, ते त्या सामर्थ्यातूनच निघाले होते. ज्याला आपले सगळे पित्याकडून आले आहे हे ठाऊक असते, त्याला खाली वाकल्याने काही कमी होण्याची भीती राहत नाही.

साक्ष देणे टाळू नका, पण ती पुन्हा लिहा. वचनदत्त देशाच्या उंबरठ्यावर मोशेने लोकांना बजावले होते, की चांगली घरे बांधाल, गुरे वाढतील, सोनेरुपे वाढेल, तेव्हा ‘माझ्या हाताच्या बळाने मी हे मिळवले’ असे मनात आणू नका. संपत्ती मिळवण्याचे सामर्थ्यही देवच देतो, याची आठवण ठेवा. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा आठवा अध्याय काढून पाहा. गर्वावर तिथे दिलेले औषध आठवणीचेच आहे, रानातल्या चाळीस वर्षांची आणि तिथे देवाने पुरवलेल्या मान्ना या अन्नाची आठवण. तेव्हा एक वही घ्या आणि तुमच्या अकरा अधिक जितकी वर्षे झाली असतील तितक्या वर्षांची माणसे तीत लिहा: लेथ कोणी स्वस्तात दिले, ते गाळ्यात उतरवताना दुसऱ्या बाजूला कोणाचा खांदा होता, पहिली ऑर्डर कोणी विश्वासावर दिली, बिल थकले त्या महिन्यात पत्नीने कोणता दागिना काढून दिला, घंटा वाजवून घरी आलेले वडील तुमच्या फीसाठी कोणाकडे गेले होते. देवाचे साहाय्य आपल्याकडे बहुधा अशाच माणसांच्या हातांनी येते. नाताळाच्या दिवशी त्या यादीतली नावे वाचा आणि खाली बसा.

आणि मित्राकडे त्याच्या आधी जा, येत्या रविवारीच जा. मिठाईचा पुडा नेऊ नका, नोकरीचा किंवा ऑर्डरचा प्रस्तावही पहिल्या भेटीत काढू नका. तुमच्याजवळ द्यायला काही आहे हे त्याला माहीत आहे, आणि त्याच ओझ्याखाली तो त्या दिवशी उठून गेला. मी जे म्हणालो ते चुकीचे होते, एवढे म्हणा, आणि त्याचा व्यवसाय कसा बंद पडला हे त्याने सांगितले तर मध्ये न बोलता ऐका. त्याने दार उघडले नाही तर पुढच्या आठवड्यात पुन्हा जा. त्याने आत बोलावले आणि तुमचे बोलणे पूर्वीसारखे सुरू झाले, तर ती वही त्याच्यासमोर ठेवा. तुम्ही शेजारशेजारच्या मशीनवर उभे होता. तुम्ही विसरलेली बरीच नावे त्याला आठवत असतील.

प्रभूमध्ये
तुमची बहीण